गरम पाण्याचे जंतू आणि भिवामामाचा गणपती

आमच्या मंडळाच्या वार्षिक अंकात दरवर्षी निवृत्त शिक्षक, निवृत्त पोलीस आणि निवृत्त कारकून लिहितात. शिक्षक लिहितात की मुलं बिघडली, पोलीस लिहितात की चोर बिघडले, आणि कारकून काय लिहितात ते मी कधी शेवटपर्यंत वाचलेलं नाही. यंदा संपादक माझ्याकडे आला. नात्यानं भाचा लागतो, म्हणून दारातून परत पाठवता आलं नाही. म्हणाला, "मावशी, तुम्ही लॅबमध्ये होतात ना, त्या जंतूंबद्दल लिहा." मी म्हटलं, माझं शिक्षण प्राथमिक शाळेपर्यंतचं आणि मराठी देवळातल्या संध्याकाळच्या वर्गातलं. "चालेल," म्हणाला. तेव्हा वाचून कुणाला त्रास झाला तर तक्रार त्याच्याकडे करावी.

लॅबमध्ये मी काचेच्या बाटल्या धुवायची. त्याआधी लोकांचे कपडे धुवायची. आमचं गाव मॉरिशसच्या फ्लाक जिल्ह्यातलं, साखर कारखान्याला चिकटून होतं. कूप चालू असला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम, की कारखान्याच्या वाफेचं पाणी होऊन एका जाड नळातून मागच्या कालव्यात पडायचं. नळाच्या तोंडाशी हात घातला तर कातडी निघेल इतकं कढत. जरा खाली आलं की धुण्याजोगं व्हायचं. लाकूड न जाळता गरम पाणी मिळतं म्हटल्यावर गावातल्या सगळ्या बायका तिथं. कूप संपला की पाणी थंड आणि आमची तोंडंही बंद, कारण गप्पा तिथंच व्हायच्या.

डॉक्टर खांबेटे आले ते ऐंशी साल उलटल्यावर. माणसांचे डॉक्टर नव्हेत, जंतूंचे. पुण्याचे, मूळ कोकणातले. कढत पाण्यात जगणारे जंतू त्यांना हवे होते. ते जंतू इतर जंतू शिजून जातील अशा उष्णतेत आरामात राहतात, त्यांच्या अंगातला माल उष्णतेनं बिघडत नाही, म्हणून कारखानदारांना त्यांची किंमत. असे जंतू जमिनीतल्या गरम झऱ्यांत सापडतात. डॉक्टरांना कुणीतरी सांगितलं होतं की मॉरिशस ज्वालामुखीतून वर आलेलं बेट आहे. ज्वालामुखी म्हणजे गरम झरे, असा हिशोब करून ते पेटारे घेऊन आले. आमच्या बेटावर गरम झरा नाही. पण पाहुण्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून कुणी म्हटलं नाही. बों अक्योय गावच्या लोकांनी त्यांना लालमतीला पाठवलं, लालमतीच्या लोकांनी चहा पाजून पुन्हा बों अक्योयला.

शेवटी कुणीतरी त्यांना माझ्या भिवामामाकडे आणलं. हा माझ्या आईचा भाऊ, गावातला गणपती करणारा एकटा माणूस, विधुर, रागीट, आणि जगात असं काही नाही जे त्याला माहीत नाही. डॉक्टरांनी विचारलं, "मामा, इथं कुठं उन्हाळं आहे का, गरम पाण्याचं?"

"हाय की," मामा म्हणाला. "नदीच्या कडेला. वर देवीचं देऊळ. दगडी कुंड बांधलंय. बाया बाळंतपणानंतर तिथं न्हायाला जातात. डावीकडं मोठा आंबा."

डॉक्टरांचा चेहरा फुलला. मामा सांगत गेला, डॉक्टर विचारत गेले, आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरला.

"मामा, हे तर राजापूरजवळचं उन्हाळं. रत्नागिरीतलं. मी लहानपणी तिथं आंघोळ केलीय."

"मग," मामा म्हणाला, "मी हितं हाय असं कुठं म्हटलं? तुम्ही विचारलं उन्हाळं हाय का. हाय. माझ्या पणज्यानं बघितलंय."

मी बाजूला कपड्यांचं बोचकं घेऊन उभी होते. मला हसू आवरेना. डॉक्टरांनी विचारलं, बाई, एवढं काय झालं? मी म्हटलं, देवळाशिवायचं चालत असेल तर गरम पाणी मी दाखवते. आणि त्यांना कारखान्याच्या मागं नेलं. त्यांनी नळाच्या तोंडाशी थर्मामीटर घातला आणि बायकांच्या देखत दगडावर बसकण मारली. बायका पदर सावरून बघत राहिल्या की ह्या बाप्याला झालंय काय.

कारखान्याचे मोठे साहेब गोरे फ्रेंच होते. आम्ही सगळे त्यांना मिस्ये म्हणायचो. साखर सोडून त्यांना कशात रस नव्हता, पण भारतातून डॉक्टर आलेत म्हटल्यावर त्यांनी कारखान्याच्या लॅबच्या बाजूची गोणपाटं ठेवायची खोली रिकामी करून दिली. मदतीला एक बाई पाहिजे होती. डॉक्टर म्हणाले, हीच चालेल, हिला पाणी ओळखता येतं. मिस्येंनी अट घातली ती माझ्यासमोर: पुढच्या कूपपर्यंत ह्यातून काही निघालं तर खोली राहील, बाईची जागाही राहील. नाही निघालं तर गोणपाटं परत खोलीत आणि बाई परत कालव्यावर.

तेव्हा माझा नवरा पाठीच्या दुखण्यानं घरी बसलेला होता. डोक्यावर छप्पर, खाली खुर्ची आणि म्हातारपणी पेन्शन, ह्यासाठी मी जंतू काय, विंचूसुद्धा पाळले असते. म्हणून मला डॉक्टरांपेक्षा जास्त काळजी होती, हे आधीच सांगते. विज्ञानासाठी मी काही केलेलं नाही.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जंतू दिसत नाही. पण काचेच्या चपट्या ताटलीत जेली ओतून तिच्यावर पाण्याचा थेंब पसरला की प्रत्येक जंतू वाढून त्याचा एक ठिपका होतो, टाचणीच्या डोक्याएवढा. तो ठिपका तारेच्या टोकानं उचलून दुसऱ्या ताटलीत न्यायचा, मग तिसऱ्या, असं करत एकाच जातीचा जंतू वेगळा काढायचा. आमच्या जंतूंना ऊब लागे म्हणून ताटल्या गरम कपाटात ठेवायच्या. तिथं जेली सुकून पापड होतो. म्हणून जाड ओतायची, ताटल्यांभोवती ओले कपडे ठेवायचे आणि कपाटाचं दार कुणी कौतुकानं उघडलं तर ओरडायचं. हे ओरडणं मी लवकर शिकले. जेली कसली, तर समुद्रातल्या शेवाळाची. सांत्र द फ्लाकच्या बाजारात आलुदा मिळतो, दुधात सब्जा आणि जेलीचे तुकडे घातलेला, त्यातलीच ती. तेव्हापासून आलुदा पिताना पेला उजेडाकडे धरून बघायची मला जी सवय लागली ती गेली नाही. विकणारा मला बघून तोंड फिरवतो.

पहिल्या आठवड्यातच आमचं भांडण झालं. मी बाटल्या साबणानं घासून लख्ख केल्या आणि त्यात काहीच उगवेना. डॉक्टर म्हणाले, साबणाचा अंश राहिलाय, त्यानं मरतात. मी म्हटलं, आजवर माझ्या धुण्याला कुणी नाव ठेवलेलं नाही. ते म्हणाले, "अहो गोदावरीबाई, कपड्यातून साबणाचा वास आला तर लोक खूश होतात. जंतू होत नाहीत." मग मी खळखळून धुवायला लागले आणि पुढं तक्रार आली नाही. पण माझा राग काही दिवस होता.

नळाच्या तोंडाशी दगडावर उभं राहून दोरीनं बाटली सोडायची, पाणी घ्यायचं, असं रोज चाललं. आणि एक दिवस ताटल्यांत पिवळे ठिपके आले. हळदीसारखे. डॉक्टरांना असेच हवे होते. त्यांनी मला बोलावून ताटली दाखवली. दोन्ही हातांनी धरली होती. मला वाटलं, खुर्ची मिळाली.

त्यात गणपती आले.

आमच्या गावात नदी लांब, समुद्र त्याहून लांब. म्हणून विसर्जन कालव्यात, खालच्या बाजूला, जिथं पाणी निवलेलं असतं. भिवामामानं देवळाच्या कमिटीचा मोठा गणपती केला होता. त्या वर्षी कमिटीनं ठरवलं, पुण्याचे डॉक्टर आपल्यात आहेत, तर गणपती पोचवायचा मान त्यांना. डॉक्टर एरवी नास्तिक. निदान लॅबमध्ये. पण टाळ वाजले, आरती सुरू झाली, घरची आठवण आली असेल, त्यांचे डोळे मिटले. गणपती डोक्यावर, मिटल्या डोळ्यांनी मोठ्यानं म्हणत चालले, आणि त्यांचे पाय त्यांना रोजच्या वाटेनं घेऊन गेले. आम्ही सगळे खालच्या बाजूला वळलो. डॉक्टर सरळ वर नळाकडं.

"आवो डॉक्टर, हिकडं," मामा ओरडला.

त्यांना वाटलं लोक जयजयकार करतायत. दगडावर उभे राहिले आणि रोज बाटली सोडतात तसा अलगद गणपती सोडला. कढत पाणी. एवढ्या झटपट निरोप घेतलेला गणपती मी पाहिला नाही. हात, सोंड, उंदीर, सगळं हां हां म्हणता विरघळलं आणि नळाखालचा डोह काळाकुट्ट झाला.

"पुढच्या वर्षी लवकर या," मागून कुणीतरी म्हणालं. मामा म्हणाला, "ह्या वर्षीच लवकर गेला तो."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या ताटल्यांत पिवळं काही दिसेना. सगळीकडं पांढरट साय पसरायची, एका दिवसात ताटली भरून. डॉक्टर म्हणाले, मातीतले जंतू आहेत, मूर्तीतून आलेत. ह्यांना ऊब मिळाली की हे असेच पळत सुटतात आणि माझे पिवळे मागं पडतात. दोष कुणाला देणार? स्वतःच पोचवला होता. मग रोज ठिपके वेगळे काढायचे, आणि पिवळ्याच्या अंगावर साय चढायची. कूप संपत आला होता. नळ बंद झाला की नवं पाणी मिळणार नव्हतं. आणि मिस्ये येताजाता खोलीत डोकावून गोणपाटं कुठं ठेवायची ते डोळ्यांनी मोजायला लागले होते.

एका सकाळी मी सायीच्या सगळ्या ताटल्या मोठ्या प्रेशर कुकरात घातल्या. जंतू टाकण्याआधी शिजवून मारावे लागतात. डॉक्टर आत आले आणि दारातच थांबले.

"सगळ्याच टाकताय?"

"मग काय ठेवायच्यात?"

"नाही, म्हणजे..." ते कपाळ चोळत म्हणाले, "गणपतीतून आलेत हो."

"डॉक्टर, गणपतीचं विसर्जन तुम्हीच केलंत. आता हे नुसते जंतू. मी झाकण लावते."

"एक ठेवा. एक असू दे."

चार डिग्र्या घेतलेला माणूस, आणि कुकरासमोर हात जोडायचा बाकी होता. मी एक ताटली बाहेर काढली आणि बाकीच्या शिजवल्या. मला काही वाटलं नाही. कूप संपायच्या सुमाराला पिवळा एकदाचा शुद्ध निघाला. डॉक्टरांनी त्याची नळी भरली, आणि शेजारी सायीचीही एक भरली, आणि दोन्ही युरोपातल्या एका लॅबला पाठवल्या. तिथं त्यांच्या अंगातली अक्षरं वाचणार होते.

अक्षरं म्हणजे काय ते मला डॉक्टरांनी असं सांगितलं. प्रत्येक जीवाच्या आत तो कसा बनवायचा त्याची कृती लिहिलेली असते, चार अक्षरांत. स्वयंपाकाची कृती असते तशी, पण न संपणारी. आता म्हणे यंत्र सगळी कृती पटकन वाचून टाकतं. तेव्हा एकेक लहान तुकडा वाचायलाही माणसं महिनेच्या महिने बसायची. वाचलेलं एक्स-रेसारख्या फिल्मवर उमटायचं: काळ्या रेघांच्या शिड्या, एकीशेजारी एक, उसाच्या पेरांसारख्या वरपासून खालपर्यंत. त्या बोट ठेवून खालून वर वाचायच्या. मी म्हटलं, म्हणजे एवढं शिकून हे लोक पेरं मोजतात. डॉक्टर म्हणाले, हो.

पुढं दिवस नुसते गेले. कालवा थंड. वादळाचे दिवस आले, एक वादळ गेलं, खोलीचा एक पत्रा गेला. पुढचा कूप जवळ आला आणि एक दिवस मिस्येंच्या ऑफिसात डॉक्टरांना फोन आला. युरोपातून. मी दाराबाहेर फडकं घेऊन उभी राहिले. डॉक्टर फोनमध्ये ओरडून बोलत होते, आधी खाली बघत, मग वर बघत. बाहेर आले तेव्हा मी विचारलं, "राहिली का माझी जागा?"

"पिवळा जुनाच निघाला," ते म्हणाले. "जगभर माहीत असलेला. गरम पाण्याच्या टाक्यांत, नळांत, कुठंही राहतो. त्याचं कुणाला कौतुक नाही."

मी फडकं खांद्यावर टाकून निघालेच होते.

"पण साय," डॉक्टर म्हणाले. "ती नवी दिसतेय. उकळीच्या जवळ नेलं तरी पिष्टाचे तुकडे करत राहते. त्या कामाच्या कृतीची अक्षरं त्यांनी वाचलीत. त्यांना तिचे भाऊबंद हवेत, आणि ती सापडते ती जागा हवी. जागा सांगितल्याशिवाय छापत नाहीत. गोदावरीबाई, मामा माती कुठून आणतात?"

हे कुणालाच माहीत नव्हतं. मामाची मूर्ती कधी तडकायची नाही. फ्लाककडच्या दुसऱ्या एका गावातल्या माणसानं त्याच्यावर पाळत ठेवून पाहिली होती, पण मामा पहाटे पोतं घेऊन निघायचा आणि कुणी मागं आलं तर वाटेत बसून तंबाखू मळत राहायचा.

मी त्याच्या पडवीत गेले.

"मामा, गणपतीची माती कुठली?"

"जमिनीतली."

"कुठल्या जमिनीतली?"

"मॉरिशसच्या. तू कशाला विचारतेस गो?"

"माझी नोकरी जाते मामा. डॉक्टरांना जागा पाहिजे."

"देवाची माती ती. बाटलीत घालायला नाय. आधीच तुझ्या डॉक्टरानं माझा गणपती उकडून काढला."

मी वाद घातला नाही. मामा दर रविवारी जेवायला आमच्याकडे असायचा. त्या रविवारी मी खेकड्यांचं कालवण केलं, त्याला आवडतं तसं, नारळ वाटून. त्याच्यापुढं भात आणि मीठ ठेवलं. आणि त्याच्यासमोर बसून मी नांगी फोडली.

मामा भाताकडं बघत राहिला. "हे काय?"

"देवाची माती करणाऱ्यानं सोवळ्यात राहावं."

"गोदे, मी तुझ्या आईचा भाऊ हाय."

"म्हणून मीठ दिलंय."

मी दुसरा खेकडा घेतला. नवऱ्यानं ताट उचललं आणि पाठ दुखत असूनही बाहेर जाऊन बसला, त्याला हसू दाबता येत नव्हतं. मामानं मीठ बोटाला लावून चाखलं. मग हळूच म्हणाला, "दार लाव."

मी दार लावलं.

"एकीम," मामा म्हणाला.

एकीम म्हणजे कारखान्यात उसाचा रस साफ करताना तळाला बसतो तो काळा गाळ. त्याचे ढीग कारखान्याच्या मागं पडलेले असायचे, शेतात खत म्हणून जायचे. आतून तापायचे ते ढीग, थंडीच्या सकाळी वाफ निघायची.

"नुसती तांबडी माती सुकली की तडकते," मामा म्हणाला. "एकदा पोटावर चीर गेली, अगदी आदल्या दिवशी. मग ह्या गाळाचा हात दिला. लोण्यासारखा बसला. तेव्हापासून अर्धी माती, अर्धा एकीम. कमिटीला कळलं तर मला देवळाची पायरी चढू देणार नाय. म्हणतील कारखान्याची घाण पूजली आमच्याकडनं."

मी त्याला कालवण वाढलं. तीनदा.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते तसेच उठून ढिगाकडं गेले. ढिगात काठी खुपसून भोक केलं, थर्मामीटर आत घातला, आणि काढून बघितल्यावर त्या काळ्या गाळातच बसून हसायला लागले. आम्ही डोहावर एक अख्खा हंगाम घालवला होता आणि जंतू चार पावलांवर उबेत बसले होते. त्यातून नमुने घेतले, भाऊबंद सापडले, जागा कळवली: साखर कारखान्याच्या गाळाचा ढीग, फ्लाक जिल्हा. गणपतीचं नाव डॉक्टरांनी लिहिलं नाही. मामाला शब्द दिला होता. तो ढीग आता नाही, कारखानाही नाही. बंद झाला, यंत्रं भंगारात गेली, कालव्यात झाडं उगवलीत. त्या सायीच्या नळ्या म्हणे परदेशात कुठल्यातरी थंड कपाटात अजून आहेत. आपल्याकडचं आपल्याकडं काही राहत नाही, एवढं एक मला त्यातलं टोचतं.

मामाचं गुपित मात्र मी फोडलं नाही, डॉक्टरांनीही नाही. ते फोडलं मामानं. पुढच्या गणपतीच्या आधी कमिटीची सभा होती. अध्यक्ष सहज बोलले की आपल्या कारखान्याच्या ढिगातला जंतू युरोपात पोचला, मिस्ये फार खुशीत आहेत. झालं. सगळं श्रेय मिस्येंना जातंय हे मामाला सोसेना.

"मिस्येचा काय संबंध?" तो उभा राहिला. "माझ्या गणपतीतून गेलाय तो."

एका बाईनं विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं आपण एकीमला हात जोडले?"

"ऊस गणपतीला चालतो ना?" मामा म्हणाला. "रस चालतो, गूळ चालतो. मग गाळानं काय पाप केलंय?"

संध्याकाळभर भांडण झालं. दोघं सभा सोडून गेले आणि पावसामुळं परत आले. शेवटी कुणीतरी विचारलं की दुसरा मूर्ती करणारा कोण आहे. कुणीच नव्हता. मूर्ती मामानंच केली.

मिस्येंनी मला बोलावलं ते त्याच आठवड्यात. उभ्या उभ्या सांगितलं: खोली राहील, बाईही राहील. मी मेर्सी म्हणून आभार मानले आणि परत येऊन बाटल्या धुवायला लागले. दुपारी मामा आला. आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून.

"बघू दे," म्हणाला.

डॉक्टरांनी त्याला मायक्रोस्कोपपुढं बसवलं. एक डोळा मिटायला मी शिकवलं. मामानं बराच वेळ बघितलं, गणपतीचे डोळे रंगवताना बसतो तसा श्वास धरून. मग मागं झाला.

"नुसत्या काड्या हायत," म्हणाला. "ना हात, ना पाय, ना पोट. घाईत केलेलं काम."

"असू दे मामा," मी म्हटलं. "ह्याच काड्यांवर मी आज पर्मनंट झाले."